एमबीएच्या अर्जात कांद्याचा वांधा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या करिअर पुरवणीत परदेशी एमबीएच्या ॲडमिशनवर लेख आला होता तो वाचला, दोनदा वाचला, आणि त्यातला एक सल्ला डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र. लेखात म्हटलंय की ‘तुम्ही आमच्या स्कूलला काय योगदान द्याल’ असा प्रश्न आला की आपल्या यशाची यादी द्यावी, लिडरशिपची उदाहरणं टाकावीत आणि स्कूलच्या वेबसाइटवरून दोनतीन क्लबांची नावं घ्यावीत. बाकी लेख ठीक होता, जीमॅट या प्रवेशपरीक्षेची माहिती पण बरोबर (आता 205 ते 805 गुण, सव्वादोन तासांची परीक्षा), पण हा सल्ला नेमका उलटा आहे, आणि मी तो स्वतः पाळून तोंडावर पडलेली बाई आहे त्यामुळे जरा हक्काने बोलते.

मी नाशिकची. वडलांचं किराणा दुकान, मी कॉमर्सची, मग सीए, मग पुण्यात नोकरी, आणि तिशीच्या आसपास डोक्यात किडा शिरला की अमेरिकेत जाऊन एमबीए करायचं. पहिल्या वर्षी एका स्कूलला अर्ज केला त्यात हाच प्रश्न होता. मी काय लिहिलं माहितीये का, की मी तुमच्याकडे आले की भारतीय विद्यार्थ्यांचा क्लब सुरू करीन, दिवाळी साजरी करीन आणि सगळ्यांना आमच्या संस्कृतीची ओळख करून देईन. आता तो क्लब तिथे माझ्या आधी कित्येक वर्षांपासून चालू होता, दिवाळीला चारचारशे माणसं जेवायची, वेबसाइटवर फोटोसकट होतं सगळं, आणि मी नीट बघितलंच नव्हतं. त्यांनी नकार पाठवला तो दोन ओळींचा होता. तेव्हा वाईट वाटलं, आता वाटतं दोन ओळी तरी का खर्च केल्या.

मुळात हा प्रश्न विचारतात कशासाठी हे आपल्याकडे कोणी नीट सांगत नाही. आपल्या डोक्यात कॉलेज म्हणजे सर शिकवणार आणि आपण वहीत उतरवणार. तिथल्या बिझनेस स्कूलचा कारखानाच वेगळ्या कच्च्या मालावर चालतो, आणि तो कच्चा माल म्हणजे शेजारी बसलेला विद्यार्थी. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलचं उदाहरण घ्या, 1908 सालची संस्था, तिथे नव्वदेक जणांचा एक सेक्शन असतो, पहिलं वर्षभर तेच नव्वद चेहरे, आणि शिकवणं म्हणजे केस. एखाद्या कंपनीची खरी अडचण पंधरावीस पानांत लिहून देतात, रात्री वाचून यायचं आणि सकाळी प्राध्यापक आत येऊन कोणाकडेही बोट दाखवून म्हणणार, हं, तू सुरू कर. दोन वर्षांत अशा पाचेकशे केस होतात. आणि वर्गात तुम्ही काय बोललात यावर बऱ्याच विषयांत निम्म्यापर्यंत मार्क असतात! निम्मे! म्हणजे वर्गातल्या नव्वदांकडे सांगण्यासारखं काही नसेल तर प्राध्यापक कितीही भारी असला तरी तास बुडाला. (आपल्या डबेवाल्यांवरही तिथे केस आहे हे आपण कौतुकाने सांगतो, पण तो वर्ग रंगायचा तर डबा खाल्लेला, निदान लोकलने फिरलेला एखादा माणूस वर्गात असला पाहिजे की नाही?)

व्हार्टन ही अमेरिकेतली अशीच एक नावाजलेली बिझनेस स्कूल, ते तर सरळसरळ विचारतात. गेली काही वर्षं त्यांचा एक निबंध असाच आहे, तुमची पार्श्वभूमी, घरची, नोकरीतली, शिक्षणातली, ती लक्षात घेता तुम्ही आमच्या समूहात नेमकी काय भर घालाल, आणि हे चारशे शब्दांच्या आत. शिवाय मुलाखतीच्या टप्प्याला पाचसहा उमेदवारांना एकत्र बसवून अर्धापाऊण तास एक विषय देतात आणि बघत बसतात की कोण कोणाचं ऐकतंय, कोण गप्प बसलेल्याला बोलतं करतंय, कोण नुसतंच माइक धरून बसलंय. म्हणजे कागदावर योगदान लिहिलंत ते पुढे डोळ्यांनी पण तपासणार. कारण तिथे गेल्यावर पाचसहा जणांच्या लर्निंग टीममध्येच ढकलतात, एकाने दांडी मारली की बाकीच्यांचा जीव जातो.

आपल्याकडे पण हे आलंय हळूहळू. आयआयएमच्या दोन वर्षांच्या कोर्सना कॅट या प्रवेशपरीक्षेचं पर्सेंटाइल हाच मोठा दरवाजा, पण हैदराबादची आयएसबी (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) असो नाहीतर अहमदाबादच्या आयआयएमचा एक वर्षाचा पीजीपीएक्स, नोकरी करून आलेल्यांसाठी जे कोर्स आहेत तिथे निबंध आणि मुलाखत दोन्हींत हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या वेशात येतोच.

तर मुद्दा. योगदान म्हणजे तुमचं यश नाही. यश तुमच्या खात्यावर जमा असतं, दुसऱ्याला त्याचा काय उपयोग? तुम्ही कंपनीचे पाच कोटी वाचवलेत, छान, अभिनंदन, पण माझ्या शेजारी बसून तुम्ही मला काय देणार? आमचे वडील मला कीर्द-खतावणी शिकवायचे तेव्हा पहिला नियम हाच, घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. या निबंधात लोक सगळं घेणाऱ्या बाजूलाच लिहितात. मला तुमच्या प्राध्यापकांकडून शिकायचंय, मला तुमच्या नेटवर्कचा फायदा हवाय, मला सिलिकॉन व्हॅलीची ट्रिप करायचीय. अहो प्रश्न काय विचारलाय!

दुसऱ्या वर्षी मी वेगळ्या स्कूलला अर्ज केला आणि या वेळी दुकानावर लिहिलं. की मला हिशोब पुस्तकातून यायच्या आधी गल्ल्यावरून आलाय, उधारीची वही, महिनाअखेरीला कोण देतो कोण चुकवतो, कोणाला अजून एक महिना सांभाळून घ्यायचं आणि कोणाला नाही, आणि ज्यांनी आयुष्यात कधी ताळेबंद बघितला नाही त्यांना मी तो एका किराणा दुकानावरून एका संध्याकाळी समजावू शकते, सीएच्या अभ्यासाच्या वेळी धाकट्या मुलांना असंच शिकवलंय. एवढंच. कुठे जगाचा उद्धार नाही. प्रवेश मिळाला. निबंधामुळेच मिळाला असं म्हणणार नाही, बाकी पण गोष्टी असतात, पण मुलाखतीत पंचवीस मिनिटांतली पंधरा मिनिटं आम्ही उधारीच्या वहीवरच बोललो. आणि खरं सांगू, तिथे गेल्यावर मी दिलं पण तेच. पहिल्याच टर्मला फायनान्शियल अकाउंटिंग, माझ्या टीममध्ये एकजण सैन्यातून आलेला, एकजण शाळेत संगीत शिकवायचा, दोघांना डेबिट क्रेडिट म्हणजे ग्रीक लॅटिन. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात लायब्ररीतल्या फळ्यावर रोज रात्री मी वडलांचं दुकान मांडायचे, साखरेचं पोतं उधार आणलं, काय झालं सांगा, कोणाच्या नावे, कोणाच्या जमा. दोघांपासून सुरुवात झाली ती परीक्षेच्या आदल्या रात्री चौदा जण झाले. तो सैन्यातला अजून मेल करतो तर सुरुवातीला ‘शुगर बॅग’ असं लिहितो. त्याने मला काय दिलं ते वेगळंच, वीस मिनिटांत वीस माणसांना काम कसं वाटून द्यायचं हे मी त्याच्याकडून शिकले, माझ्या ऑफिसात आजही तेच चालतं.

आता खरी गोष्ट, ज्यासाठी लिहायला बसले. माझ्या भावाचा मुलगा, निफाड तालुक्यात त्यांची शेती, हा इंजिनीअर, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये चार वर्षं, आता एमबीएला चाललाय. एका सल्लागाराकडे त्याने चांगली घसघशीत फी भरली (नाव घेत नाही, पुण्यात असे पुष्कळ आहेत) आणि निबंध तयार करून मला पाठवला, आत्या जरा बघ ना. बघितला. त्यात लिहिलं होतं की मी माझ्या वैविध्यपूर्ण दृष्टिकोनातून आपल्या समुदायाला समृद्ध करीन, कृषी आणि तंत्रज्ञान यांच्यातला मी दुवा होईन, आणि मी एक सामाजिक संस्था सुरू केली आहे. ही संस्था कधी सुरू केलीस रे? तर म्हणे जूनमध्ये, त्या सरांनी सांगितलं प्रोफाइल बिल्डिंगला लागते. झेडपीच्या शाळेत एक दिवस जाऊन वह्या वाटल्या, फोटो काढले. त्या वह्या मुलांना उपयोगी पडल्या असतील तेवढंच पुण्य. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात ऑफिसातल्या एका मैत्रिणीने तिच्या कोल्हापूरच्या भाचीचा निबंध वाचायला दिला होता, तोही त्याच सल्लागाराकडचा, आणि त्यातही ‘दुवा’ होताच, फक्त कृषीच्या जागी आरोग्य! मी दोन्ही निबंध शेजारीशेजारी ठेवले, नावं बदलून बघितली, काहीसुद्धा फरक पडला नाही.

मी त्याला फोन लावला, म्हटलं बाळा हे राहू दे बाजूला, तू एप्रिल-मे मध्ये सुट्टी काढून घरी जातोस ना, तिथे नक्की काय करतोस ते सांग. तर आधी म्हणे काही नाही ग, बाबांबरोबर ट्रॅक्टर घेऊन लासलगावला जातो. मग काय होतं? मग लिलाव. कसा होतो? आता इथून पुढे पाऊण तास तो बोलत होता आणि मी चहा गार करून ऐकत होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लासलगावला सकाळी ट्रॅक्टर ओळीने उभे असतात, व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी येतो, कोणी वरचा कांदा हातात घेतो, दाबतो, बोली चढते, आणि मिनिटभरात, कधीकधी त्याहून कमी वेळात, क्विंटलचा भाव ठरून पावती हातात. मग काट्यावर वजन आणि ट्रॅक्टर व्यापाऱ्याच्या खळ्यावर खाली करायला. आणि तिथे निघतो वांधा. वरचा माल बघून बोली लावली, खालचा माल हलका निघाला, जोड कांदा आहे, कोंब आलाय, गोल्टी म्हणजे बारीक कांदा मिसळलाय, आम्ही हा भाव देणार नाही, दोनशे कमी. शेतकरी म्हणतो आहे तोच माल आहे, रात्रभर भरलाय, तुम्ही बघूनच घेतला. ट्रॉली अर्धी खाली झालेली, परत भरायला हमाली, उन्हं चढलेली, मागे दुसऱ्याचा ट्रॅक्टर हॉर्न देतोय. मग बाजार समितीचा माणूस येतो आणि मध्ये कुठेतरी तुटतं. बरं, शेतकरी नेहमीच खरा असतो असंही नाही हां, ट्रॉलीच्या वरच्या थराला चांगला माल आणि पोटात काय आहे ते देव जाणे, हे आमच्याच नातेवाइकांनी केलेलं मी बघितलंय.

तर या पोराने काय केलं, दोन हंगामांपूर्वी ट्रॉली भरताना तळाचा, मधला आणि वरचा असे तीन थरांचे फोटो मोबाइलवर काढायला सुरुवात केली, वेळेसकट, आणि दोन नेहमीच्या व्यापाऱ्यांना आधीच दाखवायला लागला, हलका माल असला तर तोही दाखवायचा. पहिल्यांदा त्यांनी हसून सोडलं. मग एका व्यापाऱ्याच्या लक्षात आलं की याच्या ट्रॉलीला खळ्यावर वेळ जात नाही. गावातली अजून दहाअकरा घरं तसं करायला लागली. त्यातल्या दोघांनी फोटो काढून खाली वेगळाच माल भरला, तर गावातच भांडण झालं आणि ते मिटवायला पण हाच बसला. बाबांशी, चुलत्याशी, व्यापाऱ्याच्या मुनिमाशी, तिघांशी तीन वेगळ्या भाषेत बोलून.

मी म्हटलं अरे गाढवा, हे कुठे लिहिलंय निबंधात? तर म्हणतो, आत्या, हे काय लिहायचं, ही काय लिडरशिप आहे का, आणि कांदा वगैरे जरा गावठी वाटतं ना.

गावठी! मला या एका शब्दाचाच राग आला. तिथे वाटाघाटी शिकवायचा आख्खा कोर्स असतो, चांगला गर्दीचा असतो, आणि त्यात लुटुपुटूची भांडणं लावतात, तू विकणारा, तू घेणारा, घ्या कागद आणि भांडा. तिथे बसलेल्या बँकवाल्याने आणि कन्सल्टिंगवाल्याने अर्धी खाली झालेली ट्रॉली कधी बघितलीय? बोली झाल्यावर, माल उतरल्यावर, दोन्ही बाजूंना मागे फिरता येत नाही अशा जागी भाव परत कसा ठरतो, हे या मुलाला उन्हात उभं राहून माहितीये. त्याने नुसतं एवढं लिहायचं होतं की मी वांध्याचा एक खेळ तयार करून आणीन, एक शेतकरी, एक व्यापारी, एक समितीचा माणूस, प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी, आणि माझ्या सेक्शनबरोबर एका संध्याकाळी खेळीन. हे झालं योगदान. याच्यात तारीख लावता येते, माणसं मोजता येतात, आणि दुसरं कोणी चोरू शकत नाही.

आणि एक नाही, अजून किती गोष्टी आहेत त्याच्याकडे. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं तेव्हा आमच्या जिल्ह्यात लिलाव बंद पडले होते, मग डिसेंबरात निर्यातबंदीच आली, ती मे 2024 मध्ये उठली पण शुल्क राहिलंच, सप्टेंबरात ते 20 वर आणलं आणि 1 एप्रिल 2025 पासून काढून टाकलं. सरकारच्या एका निर्णयाने कांदा साठवायच्या चाळीतल्या मालाची किंमत एका रात्रीत कशी बदलते यावर वर्गात चर्चा निघाली की बाकीचे आलेख दाखवतील, हा सांगू शकतो की त्या दिवशी घरी जेवताना कोण काय बोललं. उन्हाळ कांदा चाळीत पाचसहा महिने ठेवायचा म्हणजे रोज थोडा सडणार, थोडा सुकून वजन घटणार, आणि तरी भाव चढेल या आशेवर थांबायचं, आज विकू की थांबू. नाशवंत मालाच्या साठ्याचं गणित ऑपरेशन्सच्या तासाला सूत्राने शिकवतात, आमच्या वहिनी ते चाळीपाशी नाकाने करतात. वास बदलला की त्यांना कळतं.

मी असं म्हणत नाही की प्रत्येकाकडे कांदा पाहिजे. एका ओळखीच्या मुलीने गणपती मंडळाच्या वर्गणीवर लिहिलं होतं, खजिनदार होती ती, मंडळातली पहिली मुलगी खजिनदार, आणि पावतीपुस्तकं परत न देणाऱ्या दादा लोकांकडून हिशोब कसा घेतला ते तिने इतकं छान लिहिलं होतं की बस. दुसऱ्या एकाकडे असं काहीच नव्हतं, ऑफिस आणि घर, पण टीममध्ये नवा माणूस आला की त्याला पहिले पंधरा दिवस हाच जेवायला घेऊन जायचा, कोणी सांगितलं नव्हतं. लिहायला लाजत होता, मी म्हटलं हेच लिही. त्याच्या साहेबांनी शिफारसपत्रात आपणहून तेच लिहिलं होतं हे मागाहून कळलं. आणि ही शिफारसपत्रं हलक्यात घेऊ नका, बऱ्याच स्कूलना अशी दोन लागतात, त्यात साहेबांना हेही विचारतात की तुम्ही या माणसाला सगळ्यात महत्त्वाची सुधारणेची सूचना कोणती केलीत आणि त्यावर तो कसा वागला. निबंधात तुम्ही सगळ्यांना सांभाळून घेणारे आणि साहेबांच्या पत्रात तुम्ही कोणाचं ऐकून न घेणारे, असं झालं तर संपलं.

आपल्या मराठी मुलांची अडचण मला दुहेरी वाटते. एक तर आपल्या तोंडाने आपली स्तुती करायची नाही हे लहानपणापासून ठोकून बसवलेलं, त्यामुळे खरं केलेलं काम सांगताना जीभ अडते. आणि दुसरीकडे सल्लागाराने लिहून दिलेली खोटी स्तुती मात्र इंग्रजीत असल्यामुळे खपून जाते, ती आपली वाटतच नाही ना. ‘मी गावातलं भांडण मिटवलं’ हे मराठीत म्हणायला लाज वाटते आणि ‘स्टेकहोल्डर अलाइनमेंट’ म्हणायला वाटत नाही. शब्द मोठा झाला की माणूस दिसेनासा होतो, आणि वाचणाऱ्या बाईसमोर (बहुतेक ठिकाणी माणसंच वाचतात अजून) त्या दिवशी अशा पन्नास फायली असतात.

क्लबांची नावं टाकू नका असं नाही, टाका, पण आधी जाऊन एखाद्या चालू विद्यार्थ्याशी बोला, तिथे काय कमी पडतंय ते विचारा. भाच्याने तसं विचारलं तर कळलं की त्यांच्या शेतीविषयक क्लबात बिया आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपन्यांतून आलेले लोक भरपूर आहेत, शेतात राबणाऱ्या घरातलं त्या वर्षी कोणीच नाही. ही माहिती वेबसाइटवर नव्हती.

आता त्याने निबंध नव्याने लिहिलाय. सामाजिक संस्था काढून टाकली, सल्लागार रागावलेत, फी परत मिळणार नाही हे वेगळं सांगायला नको. बऱ्याच अमेरिकन स्कूलच्या दुसऱ्या फेरीच्या तारखा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असतात त्यामुळे घरात सध्या गडबड आहे. परवा रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला, आत्या, वांध्याला इंग्रजी शब्द काय लिहू, डिस्प्यूट लिहिलं तर कोर्टकचेरी वाटते, डिसअग्रीमेंट लिहिलं तर फारच सभ्य वाटतं. मी म्हटलं वांधाच लिही, रोमन लिपीत, आणि पुढच्या वाक्यात ट्रॉली उभी कर, त्यांना कळेल. भावाला तो सगळा निबंध त्याने मराठीत सांगून दाखवला तेव्हा भाऊ म्हणाला, एवढ्यासाठी अमेरिकेला पैसे भरायचे, हे तर रोज फुकट होतं.

पत्र फार लांबलंय याची कल्पना आहे, जागेनुसार कापा, पण वांध्याचा भाग कृपया कापू नका.

आपली नियमित वाचक,
नाशिक